जाड चिठ्ठी, पातळ चिठ्ठी

माझा रंग उडाला आहे आणि झाकण एका बाजूने चेपले आहे, तरी मित्रांनो, मला हसू नका. मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि साठ मुलांचे नशीब माझ्या पोटातून निघाले आहे. कारखान्यात मला कापून, वाकवून, ठोकून घडवले तेव्हा महिनाभर बिस्किटे कुरकुरीत ठेवणे एवढेच माझे काम होते. बिस्किटे संपली आणि मी मोठ्या बाईंच्या टेबलावर आलो.

मोठ्या बाई माणसांच्या मनाचा अभ्यास करत. एका शाळेच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या तीन खोल्या होत्या. मुलाला रोज दहा मिनिटे अंधाऱ्या खोलीत एकटे बसवले, तर पंधरा दिवसांत त्याची अंधाराची भीती मोडेल असे त्यांना वाटे. पण वाटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे, हे त्या पक्के जाणून होत्या. म्हणून त्यांनी साठ मुलांचे दोन गट करायचे ठरवले. एक नंबरची मुले अंधारात बसणार, दोन नंबरची उजेडात चित्रे रंगवणार. शेवटी प्रत्येकाने अंधाऱ्या बोळातून चेंडू आणायचा आणि त्याला किती वेळ लागला ते मोजायचे. मूल कोणत्या गटातले हे मोजणाऱ्याला सांगायचे नाही, नाहीतर नकळत त्याचा हात घड्याळावर सैल पडतो. आईवडिलांची सही हवी. मूल ‘नको’ म्हणाले की तिथल्या तिथे थांबायचे.

आणि गट कोण पाडणार? मी! माझ्यात तीस चिठ्ठ्या एकच्या, तीस दोनच्या.

“आपण निवडायचं नाही हं,” बाई मदतनीस ताईला बजावत. “आपण निवडलं की आपली मर्जी आत शिरते. डबा आंधळा आहे, म्हणून तर तो हवा.”

या शब्दांनी मी फुगून गेलो होतो. गर्वाचे घर खाली असते, हे मला तेव्हा कोण सांगणार?

ताई लोण्याहून मऊ मनाची. चिठ्ठ्या तिनेच केल्या. दोनच्या चिठ्ठ्या होता होता पातळ कागद संपला, म्हणून एकच्या तिने चित्रकलेच्या जाड कागदाच्या कापल्या. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पण बोटांना कळत होता.

पहिल्याच दिवशी एक मुलगा आला. अंधाऱ्या खोलीचे दार बघूनच त्याला उचकी लागली. ताईचा हात माझ्यात आला. जाड चिठ्ठी बोटांत आली, क्षणभर थांबली आणि सुटली. मग हात चाचपत फिरला आणि पातळ चिठ्ठी घेऊन वर गेला.

“दोन नंबर! चल रे राजा, आपण चित्र काढू.”

मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. आज त्याची लाज वाटते. त्यानंतर घाबरट मुले चित्रांकडे गेली आणि धीट मुले अंधाराकडे. ही माया होती, कपट नव्हते, पण आकड्यांना माया कळत नाही. धीट मुलांनी शेवटी चेंडू झटपट आणला. तो त्यांनी पहिल्या दिवशीही आणलाच असता! पण सुरुवातीला कोणाला चेंडू आणायला लावलेच नव्हते. एकदा आणला की सवय होते आणि शेवटचे मोजमाप बिघडते, म्हणून बाईंनी ते टाळले होते. डोळ्यांत तेल घालून त्यांनी सगळे तपासले. फक्त माझ्यात हात घातला नाही.

निकाल छापून आला. बाईंचे कौतुक झाले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. वर्षभरात शाळांच्या मंडळाचा हुकूम निघाला की प्रत्येक शाळेत अशी खोली बांधावी आणि भित्र्या मुलांना तिथे रोज बसवावे. त्यात सहीची अट नव्हती. ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती.

खालच्या शाळेच्या यादीत ताईच्या बहिणीची मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणतात. घाबरली की ही चिमणी रडत नाही. तिची दातखीळ बसते आणि ओठ निळे पडतात. यादी वाचून ताई तशीच वर आली.

“बाई, मी चिठ्ठ्या चाचपून काढल्या होत्या. सगळ्या.”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला खाली काढले आणि पहिल्यांदाच माझ्यात हात घातला. एक जाड, एक पातळ चिठ्ठी त्या कितीतरी वेळ चोळत बसल्या.

“मी एकदा तरी बघायला हवं होतं गं,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी मंडळाला कळवले की निकाल चुकीचा आहे, खोल्या उघडू नका. उत्तर आले की खोल्या बांधून झाल्या आहेत, आकडे चांगले आहेत, आता शंका नकोत. बैल गेला आणि झोपा केला! ताईने इथूनच बहिणीला फोन केला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

“अगं, सगळ्यांची मुलं बसतात. आपलीच नाही बसली तर भित्री म्हणून शिक्का बसेल तिच्यावर. आणि सिद्ध झालंय ना ते? तुझ्याच बाईंनी केलंय की!”

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. ‘हे सिद्ध झाले आहे’ असे कोणी म्हणाले, तर ते कोणावर आणि कसे सिद्ध झाले, एवढे मात्र विचारा. आणि दार बांधले जाण्याआधी विचारा.

जिना उघडा असल्यामुळे खालचे सगळे मला ऐकू येते आणि त्या खोलीचे दारही दिसते. रोज अकरा वाजता कडी लागते आणि कोणीतरी रडू लागते. आज चिमणीची पाळी होती. ताई धावत खाली गेली.

“दहा मिनिटं होऊ द्या हो,” दारावरच्या शिक्षिका म्हणाल्या. “नियम आहे.”

ताई दारावर थापा मारत राहिली. आतून आवाज नव्हता. दहा मिनिटांनी कडी निघाली.

“बघा, केवढी धीट झाली पहिल्याच दिवशी!” शिक्षिका कौतुकाने म्हणाल्या. “जरासुद्धा रडली नाही.” आणि त्यांनी वहीत चिमणीच्या नावापुढे बरोबरची खूण केली.