मखरामागची भेग

कर्णिकसाहेबांना मी पहिल्याच भेटीत हाकलायला निघाले होते. गणपतीचा दुसरा दिवस, काळाचौकीतली आमची चाळ पाहुण्यांनी भरलेली, आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस हातोडी घेऊन दारात उभा. माझा मुलगा गौतम म्हणाला, "आई, मोठे इंजिनीयर आहेत. नद्यांवर पूल बांधलेत, भूकंपानंतर गावंच्या गावं उभी केलीत. आता जुन्या चाळी फुकट तपासतात."

"मेल्या, फुकट कोण काय करतं?" मी म्हटलं.

साहेब भिंतीवर हातोडी वाजवत मखराजवळ आले, तसा आवाज पोकळ झाला. "लक्ष्मीबाई, यामागे काय आहे?"

"भिंत. आणखी काय असणार?"

भिंत होतीच, पण तिला बोटभर भेग होती. दोन महिन्यांपूर्वी मी ती सिमेंटने लिंपली, सिमेंट फुटलं, म्हणून यंदा मखर मुद्दाम तिथे बांधलं. बसलेला गणपती विसर्जनाआधी कोण हलवणार? भेग दिसली की चाळ खाली करायची नोटीस येते. समोरच्या चाळीतली माणसं अशीच सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, वीस वर्षं झाली, परतली नाहीत. नवऱ्याने गिरणीत हाडं झिजवून घेतलेली खोली मी अशी सोडते होय?

"देवाचं कारण सांगू नका," ते हळूच म्हणाले. "खोली जाईल म्हणून घाबरताय ना?"

मी मखराची झालर सारखी करत राहिले. मग त्यांनी टेप काढली आणि गुडघे टेकून खोली मोजायला लागले. पोटमाळासुद्धा सोडला नाही. कागदावर खोलीचा नकाशा काढला, त्यावर माझं नाव, नंबर तेवीस, तारीख लिहिली, सही केली, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांचे असे कागद झाले. "हे घेऊन मी तुमच्यासोबत प्रत्येक ऑफिसात येईन," म्हणाले. "पण आजच सगळे चाळ सोडून खाली उतरा."

गौतमने उत्तरपूजा करून मूर्ती हलवली, मखर सोडलं. बोटभर भेग आता इतकी रुंदावली होती की साहेबांचा अख्खा पंजा आत गेला. तरी माझा संताप उतरेना. जिन्यात सगळ्यांदेखत मी त्यांना म्हटलं, "म्हाताऱ्या, तुझंही घर असंच सुटू दे." त्यांनी ऐकलं, माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पुढे उतरले.

गौरीजेवणाच्या दिवशी चाळीची मागची बाजू कोसळली. आत कोणी नव्हतं.

पुढची चार वर्षं ते काठी टेकत आमच्या हक्काच्या खोल्यांसाठी ऑफिसांचे जिने चढले. मालकाचा माणूस म्हणाला, तेवीस नंबर तर गोदाम होतं, तिथे कोणी राहतच नव्हतं. साहेबांनी सह्यांचा तो कागद पुढे ठेवला. मी शेजारीच बसलेली असायचे. दर वेळी वाटायचं, आज माफी मागू. जीभ उचलायची नाही. शिव्या द्यायला बरी उचलली होती.

कामं संपली, भेटी थांबल्या. गेल्या महिन्यात नव्या खोलीची चावी मिळाली, तशी पेढे घेऊन मी एकटीच ठाकूरद्वारला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीने, मृणालिनीने, दार उघडलं.

"बाबा गेले, आजी. परवाच तेरावं झालं."

मी तिथेच उंबऱ्यापाशी तिच्या पाया पडले. ती "अहो, काय करताय" म्हणत मला उठवत होती, आणि मी तिला सांगत सुटले, तुझ्या बाबांना मी शिव्या दिल्या गं, चार वर्षं ते माझ्यासाठी फिरले आणि मी त्यांना साधं चुकले म्हटलं नाही.