इसहाकाचा हात

मित्रांनो, मी फळा आहे, पण माझ्या अंगाला खडू कधी लागला नाही. पातळ लाकडाची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेलं निळं फलालीन आणि मागे उभं राहायला एक टेकू, एवढाच मी. माझ्या कापडाला बारीक लव आहे. जाड लोकरी कापडाची चित्रं कापून माझ्यावर नुसती दाबली की ती चिकटून राहतात. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका लहानशा गावात, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या तळघरात माझं सगळं आयुष्य गेलं. उजेडासाठी वर एक आडवी खिडकी आहे, पण हिवाळ्यात ती बर्फाने बुजते आणि मग उन्हाळ्यापर्यंत दिव्यावरच भागवावं लागतं.

मला आगाथा हीबर्टने बनवलं. सगळं गाव तिला टांटे आगाथा म्हणतं. टांटे म्हणजे आपली मावशी. चित्रंही तिनेच कापली. नोहाचं तारू, योनाला गिळणारा मासा, झुडपाखाली निजलेला एलीया, आणि तिचे सर्वांत लाडके म्हणजे अब्राहाम व त्याचा मुलगा इसहाक. दर रविवारी सकाळी ती माझ्यासमोर मुलांना बसवायची आणि खणखणीत आवाजात गोष्ट सांगायची. मुलं खिशातल्या सूर्यफुलाच्या बिया चोरून फोडत ऐकायची. टरफलं माझ्या पायाशी पडायची, पण मला त्याचं काही वाटत नसे.

अब्राहामाची गोष्ट ती अशी सांगायची. देवाने अब्राहामाला म्हटलं, तुझा लाडका मुलगा मला दे. बापाने मुलाच्या पाठीवर लाकडं दिली आणि त्याला डोंगरावर नेलं. तिथे त्याला बांधलं, सुरी उगारली, आणि तेवढ्यात वरून आवाज आला, थांब. झुडपात एक मेंढा अडकला होता. मुलाऐवजी तो मेंढा दिला गेला. मेंढ्याचा तुकडा माझ्यावर चिकटला की मुलं हुश्श करायची. मग टांटे शेवटचं चित्र काढायची: बाप आणि लेक हातात हात घालून डोंगर उतरताहेत. दोघं एकाच तुकड्यात कापलेले होते. "बघा, कसे आनंदाने घरी चाललेत," ती म्हणायची. मुलं ते चित्र हातात घेऊन बघायला भांडायची. पाहुणे आले की पास्टर त्यांना मुद्दाम खाली आणून मला दाखवायचे. त्या काळी माझा रुबाब काही विचारू नका.

पुढे भिंतीवर मोठा पडदा आला, हलती-बोलती चित्रं आली, आणि मला उचलून भट्टीच्या मागे ठेवलं. भट्टी म्हणजे सगळ्या इमारतीला ऊब देणारी. ठेवलं तेही भिंतीकडे तोंड करून. वात्रट मुलाला ही शिक्षा घटकाभर देतात. मला ती वर्षानुवर्षं मिळाली, आणि माझा गुन्हा काय ते कुणी सांगितलं नाही. दिसत काही नव्हतं. वरचं प्रार्थनागृह मात्र मला छतातून ऐकू यायचं.

तिथूनच मी कॉर्नेलियस लोप्कीची साक्ष ऐकत आलो. ऑक्टोबरात, पीक घरात आलं की चर्चमध्ये आभाराचा रविवार असतो. त्या दिवशी लोक उभे राहून आपलं गाऱ्हाणं नाही, तर आपल्यावर झालेली कृपा सांगतात. कॉर्नेलियस दर वर्षी उभा राहायचा आणि एकच गोष्ट सांगायचा. त्याची मुलगी लिओना शाळकरी वयाची असताना गव्हाच्या उंच पत्र्याच्या कोठीत घसरली. खालून धान्य ओढणारं यंत्र चालू होतं. ती गळ्यापर्यंत गव्हात रुतली. शेजाऱ्यांनी कोठीचा पत्रा कापून गहू बाहेर सोडला आणि ती जिवंत निघाली. "देवाने मला माझी मुलगी परत दिली," एवढं म्हणताना त्याचा आवाज कापायचा, आणि सगळं चर्च एका सुरात 'आमेन' म्हणायचं. लिओना त्याच्या शेजारीच बसलेली असायची, असं खाली येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळायचं. बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचा. तिचा आवाज मात्र मी कधी ऐकला नाही.

आणि मग रूथॅन थीसन आली. ती शहरात अग्निशमन दलाच्या लोकांशी बोलण्याचं काम करायची. आगीतून, अपघातातून आलेल्या माणसांच्या मनाला बसलेला घाव कसा भरायचा, हे ती शिकली होती. पास्टरांनी तिला दर गुरुवारी दुपारी तळघरात बायबल वाचायला बोलावलं. खुर्च्या काढताना तिला मी दिसलो. तिने मला बाहेर ओढलं, अंगावरची जळमटं झाडली आणि खोलीकडे तोंड करून उभं केलं. मित्रांनो, त्या दिवशी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

पहिल्या गुरुवारी तिने नोहाचं तारू माझ्यावर लावलं. "पाणी ओसरलं, इंद्रधनुष्य आलं, आणि तुम्ही लोक तिथेच पुस्तक मिटता," ती म्हणाली. "पुढचं पान वाचा की. म्हातारा द्राक्षमळा लावतो आणि पिऊन तंबूत उघडा पडतो. बाहेर सगळं जग बुडताना ज्याने आत बसून ऐकलं, त्याला धड झोप तरी लागत असेल का?"

"ते चित्र मी कापलं नव्हतं हं," टांटे आगाथा कोपऱ्यातून म्हणाली. आता ती फार म्हातारी झाली होती आणि काठी घेऊन यायची. "नागडा नोहा पोरांपुढे लावला असता, तर त्यांच्या आयांनी मला उभी सोलली असती." सगळे हसले.

लिओना दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, तेही दार उघडं ठेवून. आता ती तिशी ओलांडलेली बाई होती. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत, काचेच्या घरात काम करायची, कारण तिथे चारी बाजूंनी बाहेरचं दिसतं. खालच्या खोलीत उतरणं तिला जड जायचं. तरी ती यायची, आणि काही न बोलता जायची.

सप्टेंबर सरता सरता अब्राहामाची पाळी आली. रूथॅनने टांटेचं ते शेवटचं चित्र माझ्यावर लावलं आणि गोष्ट पुस्तकातून सावकाश वाचली. संपल्यावर तिने विचारलं, "बाप डोंगर उतरून चाकरांकडे परत आला, असं इथे लिहिलंय. मुलगा कुठाय?"

लोकांनी पानं उलटसुलट केली. मुलगा उतरल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि माझ्या छातीवर तर तो बापाचा हात धरून हसत उभा होता.

"तो उतरलाच नाही," दारातून आवाज आला. लिओना बोलत होती. "तो अजून वरच आहे. खाली सगळे आमेन म्हणताहेत."

रूथॅनने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. मग लिओनाने सांगितलं. ती घसरली नव्हती. गव्हाचा वरचा थर आळून घट्ट बसला होता, आणि तो फोडायला कुणीतरी आत उतरायला हवं होतं. पप्पा म्हणाले, तू उतर. ती म्हणाली, मला नाही जायचं. तरी तिला उतरावं लागलं. पायाखालचा थर खचला. वरून पप्पा ओरडले, हलू नकोस. ती हलली नाही.

"मी अजून हलत नाही," ती म्हणाली. "आभाराच्या रविवारी पप्पा उभे राहतात, खांद्यावर हात ठेवतात, आणि मला वाटतं उठून जावं. पाय उचलतच नाहीत."

"पळता येत नाही आणि लढताही येत नाही, तेव्हा शरीर थिजतं," रूथॅन म्हणाली. "तो भित्रेपणा नव्हे. त्यानेच तुला जगवलं. पण शरीराला कुणी सांगितलं नाही, की झालं ते, संपलं."

लिओना उठली. टेबलावरची कात्री घेतली, मला चिकटलेलं ते चित्र ओढून काढलं आणि बाप-लेकाच्या मधून कापू लागली. कापड जाड होतं. टांटेने स्वतः केलेलं चित्र ते. ती काठी टेकत पुढे आली.

"इकडे दे," ती म्हणाली. "वाकडं कापतेस. बोटं गेली बघ त्याची."

"माफ करा, टांटे."

"माफी कसली मागतेस? मी त्यांना एकत्र कापलं ते पोरांनी रडू नये म्हणून. आता नीट कापू तरी दे." तिने चष्मा पुसला आणि उरलेलं सरळ कापून दिलं. मुलाचा हात मात्र बापाच्या मुठीतच राहिला. टांटेने पिशवीतून लोकरी कापडाचा एक तुकडा काढला, इसहाकाला नवा हात कापून शिवला, आणि लिओनाने बापाला मधे आणि त्याला माझ्या अगदी कडेला, एकटा लावला. मी नीट धरून ठेवला त्याला.

चर्चची भट्टी कॉर्नेलियसच बघायचा. थंडीच्या आधी ती साफ करायला तो पुढच्या गुरुवारी खाली आला, तेव्हा टांटे आणि लिओना कप विसळत होत्या. माझ्यासमोर येऊन तो थांबला.

"हे कुणी कापलं?"

"आधी हिने, वाकडंतिकडं. मग मी," टांटे म्हणाली.

"चांगलं चित्र होतं."

"होतं चांगलं. खरं नव्हतं."

त्याने कडेच्या मुलाकडे बोट केलं. "मग पोरगा डोंगरावरून गेला कुठे?"

"लिहिलेलं नाही, पप्पा," लिओना म्हणाली. "त्याला कुणी विचारलंच नाही."

कॉर्नेलियसने हातातला पाना खाली ठेवला. "मी हलू नकोस म्हटलं ते तुझ्या भल्यासाठी. हलली असतीस तर पार खाली गेली असतीस."

"ते बरोबरच होतं. मी त्याच्या आधीचं विचारतेय. शिडीपाशी मी काय म्हटलं होतं?"

टांटेने नळ बंद केला.

"नको म्हणालीस," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, तू हलकी आहेस. दोन मिनिटांचं काम."

"म्हणजे आठवतं तुम्हाला."

"रोज आठवतं."

"मग चर्चमध्ये मी घसरले असं का सांगता?"

त्याने टोपी काढली, हातात फिरवली. "तसं नाही सांगितलं, तर मी काय केलं ते सांगावं लागेल."

"आणि तसं सांगता तेव्हा मी कुठे असते, माहीत आहे? आतच असते. गळ्यापर्यंत." ती रडत नव्हती. "यंदा एक तर खरं सांगा, नाही तर सांगूच नका. तुमच्या शेजारी बसून ते पुन्हा ऐकणं मला जमणार नाही, पप्पा. आणि उठून जाणंही जमणार नाही, तीच तर पंचाईत आहे."

तो भट्टी न उघडताच जिना चढून गेला.

आभाराच्या रविवारी तळघरात बोर्श्टचं, म्हणजे भाज्यांच्या सुपाचं, मोठं पातेलं शिजत होतं आणि बन पाव फडक्याखाली झाकले होते. टांटेला आता जिन्याची चढउतार सारखी जमत नाही, म्हणून ती सूप सांभाळायला माझ्याजवळ बसली होती. आम्ही दोघं छताकडे कान लावून होतो. स्तोत्रं झाली. लोक एकेक करून साक्ष देऊन बसले. मग कॉर्नेलियसचे जड बूट वाजले. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

"माझी मुलगी कोठीत घसरली नव्हती," तो म्हणाला. "ती नको म्हणाली होती. मी पाठवलं. इतकी वर्षं मी इथे खोटं बोललो, तेही तिला शेजारी बसवून."

कुणी आमेन म्हटलं नाही. पास्टर पुढे झाले. "तरीही, देवाची कृपा बघा..."

"पास्टर, कृपेचं नंतर बोलू," कॉर्नेलियस म्हणाला. "आधी तिला बोलायचं असेल तर बोलू दे. नसेल, तर गप्प बसू सगळे."

सगळे गप्प बसले. पातेलं उतू गेलं, चुलीवर चरचर झाली, पण टांटे जागची उठली नाही.

मग तो आवाज आला. वरून, छतातून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मला आत फार भीती वाटली होती," लिओना म्हणाली. "आणि आत्ता मला बाहेर जायचंय."

बाक करकरला. आधी जड बूट मागे सरकले, मग आणखी पाय, मग आणखी. रांगेतली माणसं गुडघे आवरून वाट देत होती. त्यांच्यामधून हलकी पावलं निघाली. मधल्या वाटेवर आली, चालत राहिली, आणि दार उघडून बाहेरच्या उन्हात गेली. तिच्यामागे कुणी गेलं नाही. कॉर्नेलियसही नाही, त्याचे बूट पुन्हा वाजले नाहीत.

"चालली," टांटे म्हणाली, आणि हातातल्या फडक्याने डोळे पुसत सूप ढवळायला उठली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्याकडे असेल तर तिला भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, ओलीत टाकू नका. लव एकदा झडली की परत येत नाही. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. मोठ्या संकटातून कुणी वाचून आलं, तर लगेच आनंदाने टाळ्या वाजवू नका. त्याची गोष्ट त्याच्या आधी तुम्ही सांगून टाकू नका. शेजारी बसा. तो बोलला तर ऐका, आणि उठून जायचं म्हणाला, तर पाय आवरून त्याला वाट द्या.