सगळ्यांची खोली

खोलीची कल्पना तिचीच होती. रुग्णालयात पूर्वी रक्तवाहिनीत नळी घालून आतून उपचार करण्याच्या तीन खोल्या होत्या, हृदयवाल्यांची एक, मेंदूवाल्यांची एक आणि रक्तवाहिन्यांच्या कामासाठी तिची एक. यंत्रं तिन्हीकडची म्हातारी, एक चालू असलं की दुसरं रुसलेलं. त्यात हृदयाचे डॉक्टर आपली खोली दिवाणखान्यासारखी जपायचे. दुपारभर रिकामी पडली तरी दुसऱ्याला पाऊल टाकू द्यायचे नाहीत. विभागप्रमुख म्हणून तिनं सगळ्यांच्या मिनतवाऱ्या केल्या. एकच मोठी खोली करू, छताला सरकणारं यंत्र, हवं तसं वळणारं टेबल, ज्याला जे बघायचं ते दाखवणारे पडदे.

"म्हणजे धर्मशाळाच की हो!" हृदयाचे डॉक्टर म्हणाले होते.

"असू दे. बंद दारापेक्षा बरी."

खोली झाली. एक जुनी खोली पाडून तिला जागा केली, उरलेल्या दोन्हींतली यंत्रं भंगारात गेली. खोली चाललीही झकास. कल्पनेबद्दल तिचं कौतुक झालं आणि तिनं ते मुकाट्यानं स्वीकारलं.

एके सकाळी वहिनी दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, घेऊन आली. दादा शाळेची बस चालवायचा. पहाटेपासून उजवा पाय बधिर झालेला, पण मुलांना शाळेत पोचवल्याशिवाय गडी दवाखान्याकडे वळला नव्हता. तिनं पायाला हात लावला. पाय थंडगार, बोटं निळी. रक्ताची गाठ अडकली होती. ती काढायचं काम तिथं तिच्याशिवाय कोणी करत नव्हतं, आणि वेळ आधीच बराच गेला होता.

दादाला टेबलावर घेतलं. हातमोजे चढवत असतानाच प्रसूतिकक्षातून फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, औषधं थकली होती. आतून रक्तवाहिनी बंद करणं एवढाच उपाय उरला होता, आणि तोही तिच्याच हातचा. ऑपरेशन थिएटर भरलेली. दुसरं मोठं रुग्णालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

ती दादाजवळ वाकली. "दादा, थोडं थांबावं लागेल तुला. एक बाई मरायला टेकलीय."

"जा ना मग. या पायानं मी काय पळून जाणार आहे?" तो हसला. कपाळावर घाम डवरला होता.

दादाला बाहेर व्हरांड्यात नेलं. टेबल वळलं, यंत्र सरकलं, बघता बघता खोली बाळंतिणीसाठी सज्ज झाली. तिनं बारीक नळी आत सरकवून रक्तवाहिनी बंद केली. रक्त थांबलं. पडद्यावर ते दिसलं तेव्हा नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती धावत बाहेर आली, तर दादाच्या शेजारी दुसरं स्ट्रेचर. त्यावर हृदयविकाराचा झटका आलेला एक शाळामास्तर, ओठ काळेनिळे. हृदयाचे डॉक्टर तिच्याकडे बघत उभे होते. पायाआधी जीव, हा नियम दोघांनाही पाठ होता, आणि खोलीच्या दारावर तो तिनंच लावला होता.

"घ्या त्यांना आत," ती म्हणाली.

"ताई!" वहिनीनं तिचा दंड धरला. "यांचा नंबर होता ना? तुमचा सख्खा भाऊ आहे हो!"

तिनं दंड सोडवून घेतला. मास्तर वाचला. खोली पुन्हा वळली आणि शेवटी दादा आत आला. गाठ निघाली, रक्तही वाहू लागलं, पण खालचे स्नायू केव्हाच मेले होते. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर दादानं चादर उचलून खाली बघितलं. मग विचारलं, "जुन्या खोल्या असत्या तर?"

खोटं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती खरं तेच म्हणाली, "तर मास्तर हृदयवाल्यांच्या खोलीत गेला असता आणि बाईनंतर लगेच मी तुला घेतलं असतं."

"पाय वाचला असता?"

"बहुतेक."

त्यानं मान भिंतीकडे वळवली.

पुढच्या बैठकीत तिनं दुसरी खोली मागितली. अधीक्षकांनी चष्मा पुसला. "अहो डॉक्टर, एका सकाळी एकाच खोलीत दोन जीव वाचले. याहून मोठं यश कोणतं? तुमचंच आहे ते." हृदयाचे डॉक्टर मात्र तिच्या बाजूनं बोलले. त्याचा उपयोग झाला नाही. जुन्या खोल्यांत आता बिलांचे काउंटर आले होते.

बाळंतीण बाळाला घेऊन तिला पेढे द्यायला आली. तिनं पेढा घेतला, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि मायलेकरं गेल्यावर दार लोटून घेतलं.

रविवारी ती दादाकडे जाते. वहिनी पाणी देते आणि आत निघून जाते. दादा नकली पाय बांधून भिंतीला धरत चालायचा सराव करतो. एकदा तोल जाऊन तो पडला. ती झटकन पुढे झाली.

"राहू दे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो खुर्चीला धरून आपला आपण उठला, आणि ती तिथंच उभी राहिली.