शेजारच्या फर्मेंटरचा हार

मित्रांनो, या प्रकरणात माधव सरांना काय मिळणार होतं ते आधी सांगतो: नव्या जैवतंत्रज्ञान केंद्राचं संचालकपद आणि दारावर पितळी पाटी. त्यांची विद्यार्थिनी ऋतुजा, तिला फक्त तिथलं एक टेबल हवं होतं.

मी एक जुना ऑटोक्लेव्ह आहे. पुण्यातल्या एका कॉलेजातला, वाफेच्या दाबाने जंतू मारणारा मोठा कुकरच म्हणा. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या बाटल्या मी उकळल्या. ‘याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा,’ असं सरच म्हणायचे. मग सरकारने धोरण आणलं, कॉलेजांनी उद्योग घडवावेत. त्या अनुदानातून तो आला! जर्मन फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायचं काचेचं भांडं. त्याला एसी खोली, मला जिन्याखालची जागा. पाहुणे त्याच्यापुढे चपला काढायचे आणि माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवायचे. जळफळाट होणार नाही तर काय?

ऋतुजा मूळची वाशिमची, वारज्यात खोली घेऊन राहायची. टोमॅटो सडू न देणारे जिवाणू ती त्याच्यात वाढवत होती. मार्केट यार्डातला एक व्यापारी ते वापरून बघायला तयार होता. सोमवारी समितीला शुद्ध नमुना दाखवला तर केंद्रात जागा, नाहीतर बाहेर.

शुक्रवारी खंडेनवमी. सरांनी झेंडूचा जाडजूड हार आणला.

“सर, हवेच्या नळीवर नको ना.”

“अगं, मग फोटोत दिसणार कुठे? यंत्राचा मान असतो तो.”

मला कुंकवाचं बोटही नाही.

हाराच्या वजनाने नळी निसटली, बाहेरची हवा आत गेली. रविवारी काचेत बुरशीचे गोळे तरंगत होते. खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या.

पहिल्या खेपेला कंपनीच्या माणसांनी भांडं निर्जंतुक करून दिलं होतं. आता ते माझ्याच पोटात उकळायचं होतं! मग राखून ठेवलेल्या बाटलीतले जिवाणू रात्रीतून त्यात पुन्हा वाढवता आले असते. ऋतुजाने छत्र्या उचलल्या. “आजोबा, आज एवढं कराच हो.”

मी ऐटीत तापलो. पण झाकणाची रबरी रिंग कधीच चिरली होती, बघितली कोणी? सगळी वाफ फुस्स. रविवार, दुकानं बंद. नवी रिंग मिळेना.

“पुढच्या वर्षी बघू हं,” सोमवारी सर म्हणाले.

मित्रांनो, यंत्राला हार घालण्याआधी त्याचं झाकण उघडून बघत जा. नळी कंपनीने फुकट बसवून दिली. सरांचा फोटो झकास आला. मलाही रिंग मिळाली. किंमत मोजली ती ऋतुजाने: जिवाणूंची ती बाटली बर्फाच्या डब्यात घालून ती वाशिमच्या गाडीत बसली.