मोडका कान

"कान अगदी उघडे पडले पाहिजेत," असं म्हणून दौलत बराकीच्या पायरीवर मान खाली घालून बसला.

तुरुंगात केस कापायचं काम करणारा कैदी कात्री थांबवून हसला. "दोन वर्षं केसांत लपवून ठेवलेस. उद्या काय लग्न आहे काय?"

"तारीख आहे. वकीलबाईंनी सांगितलंय."

केसांचे पुंजके खाली पडत गेले आणि दौलतचे कान दोन वर्षांनी उजेडात आले. मातीत घासून, समोरच्याच्या डोक्याखाली चेंगरून पहिलवानाचा कान मोडतो, सुजतो आणि तसाच कडक होऊन बसतो. बाकीच्या जगाला तो बघवत नाही. पण लालबागच्या त्यांच्या तालमीत रीतच अशी की कुणाचा कान पहिल्यांदा मोडला की वस्ताद शामराव पेढे वाटायचे. दौलतचे दोन्ही कान असे काही मोडले होते की त्याच्या वेळी पेढेही दोनदा वाटले गेले.

त्याच कानांनी त्याला इथे आणून बसवलं. बाजारामागच्या गल्लीत एका दुकानदाराला कुणीतरी बेदम मारलं आणि तो बिचारा गेला. पळून जाणाऱ्याचा कान तेवढा कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मालनने पाहिला होता. पोलीस तालमीत चौकशीला आले तेव्हा, मोडक्या कानाचा माणूस कशासाठी हवाय हे विचारायच्या आधीच शामरावांची छाती फुगली. "मोडलेलो कान बघूचो तर आमच्या दौलतचो बघा!" दौलत त्या रात्री वडाळ्याला बहिणीकडे झोपला होता, पण बहिणीची साक्ष कोण धरतो? ओळख परेडला त्याच्या शेजारी उभे केलेले सगळे धड कानांचे होते. मालनने त्याच्याकडे बोट दाखवलं. दुसरं करणार तरी काय ती!

पहिल्या वकिलाने सल्ला दिला होता, "रागात हात उचलला, जिवे मारायचा हेतू नव्हता असं कबूल कर. थोडक्यात सुटशील."

"पाठ मातीला लागलेली नाही साहेब," दौलत म्हणाला होता. "मग हरलो असं कसं सांगू?"

त्या वकिलाने केस सोडली. शामरावांनी गिरगावात खेटे घालून अनुजा नावाची तरुण वकील शोधून काढली. भेटीला आले की जाळीपलीकडे म्हातारा दर वेळी तेच म्हणायचा, "माझ्या तोंडान घात केलो रे झिला." दौलत दर वेळी विषय बदलायचा. बराकीत पहाटे उठून जोर मारायचा, बैठका काढायचा. खरं तर दिवसेंदिवस त्याचा धीर सुटत चालला होता, आणि जोर मारताना निदान तोंड जमिनीकडे असतं, कुणाला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात अनुजाने एकच विनंती केली. साक्षीदार आत येण्याआधी आरोपीला पिंजऱ्यातून काढून मागच्या बाकावर, लोकांत बसू द्यावं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून मागे पाहिलं आणि परवानगी दिली.

दौलत मागे वळला आणि जागच्या जागी थबकला. मागची दोन्ही बाकं पहिलवानांनी भरली होती. लालबागचे, परळचे, माहीमचेसुद्धा. गिरणी बंद पडल्यावर टॅक्सी चालवणारे, बँकेच्या दारावर उभे राहणारे, एक तर नातीच्या शाळेतून परस्पर आलेला. कामावर दांडी मारून, धुतलेले शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून सगळे सभ्यपणे बसले होते. आणि एकाचाही कान धड नव्हता.

"इथे काय दंगल आहे काय?" दारावरचा हवालदार पुटपुटला.

त्यांनी सरकून मधे जागा केली. दौलत बसला तेव्हा शेजारच्याने त्याच्याकडे न बघता त्याचा हात घट्ट धरला. दौलतच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला दुसरा हात वर नेला तर आपण वेगळे दिसू, याचीही त्याला भीती वाटली.

मालन आत आली. सरकारी वकिलांनी आरोपी दाखवायला सांगितल्यावर तिने बाकांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग पदर सावरला.

"साहेब, मी कान ओळखला होता," ती म्हणाली. "माणूस नव्हता ओळखला. असे कान एवढ्या जणांना असतात, मला काय ठाऊक?"

"नीट बघा बाई."

"कितीदा बघितलं तरी तेच हो. गरिबाच्या गळ्याशी येणारं खोटं कशाला बोलू?"

त्या एका कानापलीकडे त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं. निकाल लागला आणि दौलत सुटला.

पुढच्या शनिवारी सकाळी तालमीत जाण्याआधी तो मालनच्या टोपलीपाशी जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने मनात घोकून ठेवलं होतं.

"मारुतीचा हार ना? रुईचाच देते," तिने मान वर न करता विचारलं, आणि मग वर पाहिलं. सरळ त्याच्या तोंडाकडे. पण तिची नजर चेहऱ्यावरून सरकून कानावर गेली आणि तिथेच थांबली.

"तालमीतले वाटतं. दादा, तुमच्यात एक दौलत म्हणून आहे. ओळखता?"

त्याने मान डोलावली.

"कसा आहे हो?"

"बरा आहे," दौलत म्हणाला. "घरी आलाय."

"मी त्याचं वाटोळं केलं. कोर्टात गेले, तेव्हाही मला कळलं नाही त्यातला तो कोण. आता रस्त्यात असा कान दिसला की वाटतं हाच असेल, पाय धरावेत. पण किती जणांचे धरू?" ती कसंनुसं हसली.

आता खरं सांगितलं तर ही बाई फुटपाथवर सगळ्यांदेखत वाकेल, हे त्याला दिसलं. ते त्याला सोसलं नसतं.

"तो रागावलेला नाही मावशी. उलट तुमचे आभार मानायचेत म्हणत होता. खोटं बोलला नाहीत म्हणून सुटला तो."

रुईच्या हाराशेजारी मालनने झेंडूचा चांगला जाडजूड हार पानात बांधला. "हा त्याला द्या. मालनने दिला म्हणून सांगा. याचे पैसे नकोत."

तालमीत शामराव कुस्तीच्या हौदातली माती उकरत होते. "दोन हार कशाक रे?"

"एक मारुतीचा."

"आणि दुसरो?"

"मालनबाईंनी दिलाय. दौलतसाठी." त्याने झेंडूचा हार म्हाताऱ्याच्या मातीच्या हातांत ठेवला आणि मान खाली वाकवली. "घाला."

शामरावांनी हार उचलला. हार डोक्यावरून खाली उतरताना मोडक्या कानात अडकला. त्यांनी तो हलक्या हाताने सोडवला.