मास्तरांकडे उरलेला शब्द

पक्षाघाताच्या झटक्यानंतर सहदेव मास्तरांकडे एकच शब्द उरला. चहा हवा असला तरी नदी, पंखा बंद करायचा असला तरी नदी. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले, त्याचं त्यांच्या बायकोला, कमलला, एवढं वाटलं नाही. पण जन्मभर बोलून संसार चालवलेल्या माणसाच्या तोंडून तोच तो शब्द ऐकला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

बोरिवलीच्या एका शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत संस्कृत शिकवलं. धातू शिकवायला घेतले की सुरुवात ठरलेली असे. नद् म्हणजे आवाज करणे. नाद करते ती नदी. उताराकडे जाते म्हणून तीच निम्नगा, आणि ब्रह्मपुत्रासारखा पुरुष असला तर तो नद. दहिसर नदीला कोणी नाला म्हणालं तर त्याला बाकावर उभं करत. कमल मालवणकडची, ती न्हंय म्हणायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिला समजावलं होतं की नदीतला द बोलता बोलता झिजला आणि न्हंय राहिली. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, पण सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता, तो तिने लक्षात ठेवला होता.

स्पीच थेरपीसाठी रुचिरा नावाची मुलगी घरी यायची. तिने सांगितलं, शब्द मेलेले नसतात काकी, वाट चुकतात. माणूस एक शब्द शोधायला जातो आणि त्याच्या शेजारचा हाती लागतो. काका काय मागतायत ते आजूबाजूला शोधून बघा.

कमलने आपल्या परीने शोधलं. त्यांना त्यांच्या गावची नदी आठवत असेल म्हणून, तिथे जायचंय का, असं तिने आपल्या बोलीत विचारलं, "न्हंयर जावक व्हया?" त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग रविवारी नितेशने, त्यांच्या मुलाने, व्हीलचेअर ढकलत त्यांना दहिसर नदीच्या पुलावर नेलं, कमलही बरोबर गेली. खाली काळं पाणी, तबेल्याचं शेण, प्लॅस्टिकच्या पिशव्या. मास्तरांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुलावरून चाळिशीची एखादी बाई आली की ते डावा हात पुढे करून "नदी, नदी" म्हणत. एकीने घाबरून पर्स छातीशी धरली आणि रस्ता ओलांडला. नितेश ओशाळून तिची माफी मागत होता, तेव्हा कमलला एकदम कळलं, ते कोणाला हाक मारतायत.

जान्हवीला.

आता चाळिशीला आलेल्या थोरल्या मुलीचं हे गंगेचं नाव मास्तरांनीच ठेवलं होतं. जह्नू ऋषीने गंगा पिऊन टाकली, मग कानातून बाहेर सोडली, म्हणून ती त्याची लेक, ही गोष्ट ते बारशाला आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटले होते. पुढे जान्हवीने गोवंडीच्या अनिरुद्धशी लग्न केलं. अनिरुद्ध बौद्ध, बँकेत नोकरीला, कमी बोलणारा. धातू शिकवणाऱ्या, सुधारकांवर भाषणं देणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी जेवताना सांगितलं की या घरात तिचं नाव पुन्हा निघता कामा नये. दहा-अकरा वर्षं ते निघालं नाही. कमल आधी चोरून फोन करायची, मग तेही कमी होत होत थांबलं.

पुलावरून परत आल्यावर तिने फोन लावला. वडील आजारी आहेत, तुला हाक मारतात, असं सांगितलं.

"काय म्हणून हाक मारतात?" जान्हवीने विचारलं.

"नदी म्हणतात गं. दुसरं काही येत नाही त्यांना."

जान्हवी म्हणाली, "माझं नाव ते नाही."

तरी ती आली, एकटीच. दुपारची वेळ होती. मास्तर खिडकीपाशी बसले होते. तिला पाहताच त्यांच्या घशातून एक आवाज निघाला आणि ते नदी नदी म्हणत सुटले, ओठाच्या कडेने लाळ गळत. जान्हवी समोरच्या खुर्चीवर बसली. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"नाव घ्या, नाना," ती म्हणाली.

त्यांनी जीभ टाळूला लावली, काढली. पुन्हा लावली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "ज..." इतकं कमलला ऐकू आलं, की तसं वाटलं. मग पुन्हा नदी. कमल मध्ये पडली, म्हणाली की अगं त्यांना जमत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

"कळतं मला ते," जान्हवी म्हणाली. "जमत होतं तेव्हा घेतलं नाही ना."

ती थोडा वेळ त्यांचा निकामी हात हातात घेऊन बसली, चहा न पिताच गेली. मास्तर जिन्याकडे पाहत राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी तो शब्दही टाकला. रुचिराने चित्रं दाखवली, गाणी लावली, काही उपयोग झाला नाही. गणपतीचं विसर्जन झाल्यावर दुसरा झटका आला आणि ते गेले. स्मशानात जान्हवी बायकांपासून जरा दूर उभी होती. तिच्याशेजारी अनिरुद्ध होता. नातेवाईकांपैकी कोणी त्याला पुढे बोलावलं नाही. कमललाही ते सुचलं नाही, आणि नंतर कित्येक दिवस तिला तेवढंच आठवत राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर कमल एकटीच गोवंडीला गेली. नितेश सोडतो म्हणाला, तिने नको म्हटलं. पत्ता विचारत विचारत चौथ्या मजल्यावर चढली आणि बेल वाजवली. दार अनिरुद्धने उघडलं. त्याने तिला ओळखलं, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि म्हणाला, "जान्हवी अजून शाळेत शिकवून आली नाही. बसा, आई."

कमल बसली. अनिरुद्धने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.