राखणदाराची वाटी

जयंतरावांनी फावड्याच्या टोकावर ती वाटी अलगद उचलली, हात लांब धरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत चालत गेले आणि वाटीसकट सगळं आत टाकलं. वाटीत मऊ शिजवलेला भात होता आणि त्यावर लोण्याचा गोळा. ऐन तिन्हीसांजेला, बागेतल्या लाकडी खोलीच्या उंबऱ्यावर, गुपचूप ठेवलेला. कुडाळजवळच्या गावात वाढलेल्या माणसाला हे काय आहे ते सांगावं लागत नाही. उतारा. त्याला हात लावायचा नसतो, म्हणून फावडं. मग बागेतल्या नळाखाली, डिसेंबरच्या थंडीत, मोजे काढून त्यांनी पाय धुतले.

संशय हा जयंतरावांचा पगारी धंदा होता. बर्मिंगहॅमच्या बसमध्ये ते तिकीट तपासनीस होते. खिडकीबाहेर फारच मन लावून बघणारा, नको इतका हसणारा, झोपेचं सोंग घेतलेला, असे सगळे प्रवासी त्यांना पायरीवरूनच ओळखू येत. पुढे ते रिटायर झाले, पत्नी गेली, घर विकून ते रीडिंगला मुलाकडे, अवधूतकडे आले. पण नजर काही रिटायर झाली नाही. इथे तर तिला भरपूर काम होतं, कारण सून नॉर्वेची होती.

मारित वाईट नव्हती, तेच तर संशयास्पद होतं. कधी आवाज चढवत नसे. सासऱ्यांसाठी मोडकंतोडकं मराठी शिकली होती, आणि कशासाठी शिकली असेल, याचाही जयंतरावांना प्रश्न पडे. तनू तान्ही असताना तिला कडाक्याच्या थंडीत बाबागाडीत घालून बागेत झोपवायची, आणि पोर साधी शिंकली नाही. यंदाच्या उन्हाळ्यात तिने आपल्या वडिलांना बोलावून बागेत ही लाकडी खोली बांधून घेतली होती. चांगलं हीटिंगचं घर सोडून शनिवार-रविवार तिघं तिथे जाऊन बसायची. टीव्ही नाही, नुसत्या मेणबत्त्या, लोकरीचे मोजे आणि तनूला गोष्टी. डोंगरातल्या राक्षसांच्या, बर्फातल्या अस्वलांच्या, सगळ्या तिकडच्या.

"बाबा, तुम्ही पण या ना, इट्स सो कोझी," अवधूत म्हणायचा. जयंतराव जात नसत. फुकटात कोणी कोणाला इतकं गोड दाखवत नाही, हा त्यांचा अनुभव. पोरीला तिकडची ओढ लावायची आणि एक दिवस उचलून न्यायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तनू गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना माहीत नव्हतं.

ते पाय पुसत होते तेवढ्यात सहा वर्षांची तनू मागच्या दारातून आली.

"आजोबा, निस्सेचा बाऊल कुठे गेला?"

"कोणाची?"

"निस्से. मी आणि मम्माने ठेवला. राइस पॉरिज."

जयंतरावांनी डब्याकडे बघितलं. तपासनीसच विनातिकीट सापडावा तसं त्यांचं झालं. तनूने डब्यात डोकावलं. ती रडली नाही, सरळ आईवडिलांना घेऊन आली.

"निस्से म्हणजे छोटा म्हातारा माणूस, बाबा," मारित म्हणाली. तिने रागावायला हवं होतं, ती रागावली नाही. "लाल टोपी. तो घर सांभाळतो. आता ही केबिन आहे, म्हणून तो आला. ख्रिसमसला त्याला पॉरिज द्यायचा, बटर घालून."

"आणि कोणी टाकून दिला तर?"

"मग तो घर सोडून जातो," तनूने सांगितलं.

जयंतरावांना गावचं फणसाचं झाड आठवलं. वर्षातून एकदा त्यांचे वडील त्याच्याखाली राखणदाराला नारळ ठेवत आणि हात जोडून गाऱ्हाणं घालत. तो नारळ कोणी कचऱ्यात टाकला असता तर वडिलांनी त्याला गावात राहू दिलं नसतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नाही जात तो," ते तनूला म्हणाले. "आमच्याकडे पण असतो. राखणदार. म्हातारा असतो, चिडतो, बडबडतो, पण जागा सोडत नाही."

"पण आपण नॉर्वेला, बर्गनला राहायला गेलो की त्याला पॉरिज कोण देणार?"

अवधूत फावड्याकडे बघू लागला, फारच मन लावून.

"कधी?" जयंतरावांनी विचारलं.

"ईस्टरनंतर," मारितच म्हणाली. "ख्रिसमस झाला की सांगणार होतो. सॉरी, बाबा."

"माझा जॉब फायनल झालाय," अवधूत म्हणाला. "तिच्या डॅडना आता एकटं मॅनेज होत नाही. तुम्ही पण चला ना, बाबा. तुमच्यासाठी रूम आहे तिकडे."

"या वयात तिसरा देश नको रे."

संशय खरा ठरला की नोकरीत त्यांना समाधान वाटायचं. आज ते शोधूनही सापडेना. आपला संशय खोटा ठरावा म्हणूनच आपण इतके दिवस तो धरून बसलो होतो, हे त्यांना आत्ता कळलं.

"भात उरलाय का?" त्यांनी मारितला विचारलं.

दुसरी वाटी त्यांनी स्वतः भरली, वर लोण्याचा मोठा गोळा ठेवला आणि उंबऱ्यावर नेऊन ठेवली. मग हात जोडले. "बा राखणदारा, पोरीची चूक नाही, चूक माझी. राग धरू नको. पोर जाईल तिथे तिला सांभाळ रे महाराजा." मागे वळून ते म्हणाले, "आता तुम्ही म्हणायचं, होय महाराजा."

"होय महाराजा," तनू म्हणाली. मारितही म्हणाली.

पुढच्या ख्रिसमसला रीडिंगच्या घरी, आता एकट्या राहणाऱ्या जयंतरावांना बर्गनहून फोन आला.

"आजोबा, बटर घातला?"

"घातलं."

वाटी ठेवून जयंतरावांनी गाऱ्हाणं घातलं. थोडं थांबले आणि 'होय महाराजा' आपणच म्हणाले.

सकाळी वाटी चाटूनपुसून साफ होती. गोठलेल्या पांढऱ्या दवावर उंबऱ्यापासून कुंपणापर्यंत कोल्ह्याच्या पावलांचे ठसे उमटले होते. कोणी बघायला येणार नव्हतं, तरी जयंतरावांनी आतून झाडू आणला, कुंपणापर्यंत सगळे ठसे झाडून टाकले, आणि मग तनूला फोन लावला.